ध्रुवाभोवतीची वर्तुळे : नागपूरच्या आकाशातील तारकारेषांचे छायाचित्रण

आकाशातील तारे सरकतात हे सर्वांना ठाऊक असते, पण सरकताना ते कोणालाच दिसत नाहीत. डिसेंबरच्या संध्याकाळी पूर्वेला उगवलेले मृग नक्षत्र मध्यरात्री माथ्याजवळ येते आणि पहाटे पश्चिमेकडे कलते. त्याच्या या प्रवासाची सुरुवात, मध्य आणि शेवट डोळ्यांना दिसतो, मात्र मधली वाट दिसत नाही. ही वाट दाखवण्याचे काम कॅमेरा करतो. तिपाईवर घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे ठेवले, की प्रत्येक तारा चित्रावर स्वतःची रेघ ओढत जातो. इंग्रजीत ज्यांना ‘स्टार ट्रेल्स’ म्हणतात, त्या याच तारकारेषा.

नागपूरकरांसाठी या विषयाला अलीकडे विशेष महत्त्व आले आहे. शहराच्या उत्तरेकडील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. असा दर्जा मिळवणारे ते भारतातील पहिले ठिकाण होय. ज्या शहराच्या मध्यवस्तीतून आकाशगंगेचा पट्टा दिसेनासा झाला आहे, त्याच शहरापासून दोन तासांच्या आत राखलेला काळोख उपलब्ध असणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

रेषा उमटतात कशा?

तारकारेषा या वास्तविक ताऱ्यांच्या नसून पृथ्वीच्या गतीच्या रेषा आहेत. पृथ्वी स्वतःच्या अक्षाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सारे आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना भासते. पुढे सरकणाऱ्या नावेतील माणसाला काठावरची स्थिर झाडे मागे जाताना दिसतात, त्याचप्रमाणे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असा दाखला आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास दिला होता. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते. त्यामुळे प्रत्येक तारा तासाला सुमारे १५ अंश, म्हणजेच चार मिनिटांत एक अंश सरकतो. चोवीस तासांना कमी पडणाऱ्या या चार मिनिटांमुळेच कोणताही तारा रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे आधी उगवतो.

खगोलीय छायाचित्रणाच्या आरंभी ही गती म्हणजे अडचण होती. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे पहिले छायाचित्र अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत जुलै १८५० मध्ये घेण्यात आले. तो तारा होता अभिजित. तारा बिंदूच्या रूपात यावा, म्हणून दुर्बीण त्याच्या मागोमाग फिरवावी लागे. तारकारेषांच्या छायाचित्रणात याच्या नेमके उलट केले जाते. कॅमेरा जमिनीशी पक्का जखडला जातो आणि आकाशाला मोकळे सोडले जाते.

दोन मुठींवरचा ध्रुव

उत्तर गोलार्धात ही सारी वर्तुळे ज्या बिंदूभोवती फिरतात, त्याच्या अगदी जवळ ध्रुवतारा आहे. एखाद्या ठिकाणाहून हा बिंदू क्षितिजापासून किती उंच दिसतो, हे त्या ठिकाणाच्या अक्षांशावर अवलंबून असते. कन्याकुमारीला तो आठ अंशांवर, म्हणजे जवळजवळ क्षितिजाला टेकलेला असतो, तर श्रीनगरला ३४ अंशांवर. नागपूरचा अक्षांश सुमारे २१ अंश असल्याने येथे ध्रुव २१ अंशांवर आढळतो. हात लांब करून मूठ वळली, तर ती सुमारे दहा अंश आकाश झाकते. त्यामुळे उत्तर क्षितिजावर एकावर एक अशा दोन मुठी ठेवल्या, की त्यांच्या माथ्याशीच ध्रुवाचा शोध घ्यावा. सप्तर्षी वर असतील तर पुलह व क्रतू या पहिल्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा क्रतूच्या दिशेने पाचपट वाढवली, की ती ध्रुवापाशी पोहोचते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा ‘एम’ अक्षराच्या आकाराची शर्मिष्ठा वाट दाखवते.

या अक्षांशाचा छायाचित्रावर थेट परिणाम होतो. ध्रुवबिंदूपासून २१ अंशांच्या आतील तारेच नागपूरहून कधी मावळत नाहीत, तेवढ्यांचीच वर्तुळे क्षितिजाच्या वर पूर्ण बसतात. युरोपातील आकाशदर्शनाच्या पुस्तकांत सप्तर्षी कधीच न मावळणारे म्हणून सांगितलेले असतात. नागपुरात मात्र सप्तर्षी आणि शर्मिष्ठा दोघेही क्षितिजाआड जातात. त्यामुळे येथे काढलेल्या उत्तरेच्या चित्रात वर्तुळांचा केंद्रबिंदू खाली, झाडांच्या शेंड्यांच्या थोडा वर येतो आणि बाहेरची वर्तुळे जमिनीत बुडालेली दिसतात. ध्रुव चित्राच्या अगदी वरच्या कडेला आणि त्याखाली भरपूर आकाश असलेले छायाचित्र कोणी ‘विदर्भातील’ म्हणून दाखवले, तर जाणकाराला लगेच शंका यावी.

या चित्रांतून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कथेत अढळपद मिळालेला ध्रुव छायाचित्रात अढळ राहत नाही. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सध्या अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर असल्याने त्याचेही छोटे वर्तुळ होते. त्याचा व्यास पूर्णचंद्राच्या सुमारे अडीच पट भरतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे डोलत सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा पूर्ण करतो, त्यामुळे ध्रुवपद एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते. साधारण १२ हजार वर्षांनंतर तेजस्वी अभिजित या बिंदूच्या परिसरात येईल.

चार दिशा, चार चित्रे

उत्तरेकडे वर्तुळे मिळतात, म्हणून बहुतेकांचा कॅमेरा तिकडेच वळतो. अन्य दिशाही तितक्याच बोलक्या आहेत. पूर्वेकडे तोंड करून काढलेल्या चित्रात तारे क्षितिजातून तिरक्या रेषांनी वर चढतात. नागपूरला या रेषा क्षितिजाशी सुमारे ६९ अंशांचा कोन करतात आणि वर जाताना दक्षिणेकडे झुकतात. रुंद भिंग वापरल्यास एक सुंदर विभागणी नजरेस पडते. डावीकडील रेषा उत्तर ध्रुवाभोवती वळतात, उजवीकडील दक्षिण ध्रुवाभोवती वळतात आणि दोहोंच्या मधोमध वैषुविक वृत्तावरील तारे सरळ रेषा आखतात. मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे या सरळ रेषेजवळचे होत.

दक्षिणेकडील ध्रुवबिंदू नागपूरहून क्षितिजाच्या २१ अंश खाली आहे. त्यामुळे तिकडे वर्तुळे मिळत नाहीत, धनुष्याच्या आकाराच्या बुटक्या कमानी मिळतात. हिवाळ्यातील अगस्त्य तारा दक्षिण क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर चढतो आणि सुमारे आठ तासांत आपली कमान पूर्ण करून मावळतो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास तो या कमानीच्या माथ्यावर असतो.

रेषांचे रंग हाही पाहण्याजोगा भाग आहे. नुसत्या डोळ्यांना बहुतेक तारे पांढरेच भासतात, पण रेघ ओढली गेल्यावर रोहिणी व ज्येष्ठा यांचा तांबूस, तर व्याधाचा निळसर पांढरा रंग स्पष्ट उमटतो. तांबूस तारे तुलनेने थंड आणि निळसर तारे अधिक तप्त असतात. म्हणजेच ही चित्रे ताऱ्यांच्या पृष्ठभागाच्या तापमानाविषयीही काही सांगून जातात.

फिल्मपासून डिजिटलपर्यंत

फिल्मच्या काळात कॅमेरा ‘बल्ब’ या स्थितीत ठेवून, केबल रिलीजचे बटण अडकवून, तासन् तास शटर उघडे ठेवले जाई. एका रात्रीत एक-दोनच चित्रे होत आणि ती बरी आली की बिघडली, हे फिल्म धुऊन आल्यावरच कळे. मधेच एखाद्या वाहनाचा झोत पडला, की रात्र वाया जाई.

डिजिटल कॅमेऱ्याची अडचण निराळी आहे. फार वेळ सलग उघडा ठेवल्यास त्याचा सेन्सर तापतो, चित्रावर रंगीत ठिपक्यांची रवाळ छटा पसरते आणि पार्श्वभूमीचा प्रकाश साठून आकाश धुरकट होते. म्हणून आता एका दीर्घ छायाचित्राऐवजी शेकडो लहान छायाचित्रे एकापाठोपाठ एक घेतली जातात आणि नंतर संगणकावर एकत्र केली जातात. ‘स्टारस्टॅक्स’सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूसाठी सर्व चित्रांतील सर्वाधिक उजळ नोंद निवडते. फोटोशॉपमधील ‘लाइटन’ ही पद्धतही तेच करते. जमीन सर्व चित्रांत सारखीच राहते, तारे मात्र प्रत्येक चित्रात थोडे पुढे गेलेले असल्याने रेघ जुळत जाते. मधल्या एखाद्या चित्रात विमान वा गाडीचा दिवा आला, तर तेवढे चित्र दुरुस्त करता येते. देशाच्या मध्यावर असलेल्या नागपूरवरून अनेक हवाई मार्ग जातात आणि कृत्रिम उपग्रहांची संख्याही अलीकडे फार वाढली आहे. त्यामुळे ही सोय येथे विशेष उपयोगी पडते.

प्रत्यक्ष कृती

यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही. शटर व अ‍ॅपर्चर हाताने ठरवता येईल असा कॅमेरा, १४ ते २४ मिलिमीटरचे रुंद भिंग, जड तिपाई, कुलूप लावता येणारे केबल रिलीज किंवा इंटरव्हॅलोमीटर, दोन भरलेल्या बॅटऱ्या आणि पुरेशा क्षमतेचे मेमरी कार्ड एवढी सामग्री पुरते. आजच्या अनेक मोबाइल फोनमध्येही रात्रीच्या छायाचित्रणाची सोय असते, पण तिपाई तेथेही अटळ आहे.

पहिले काम केंद्रीकरणाचे. अंधारात स्वयंचलित फोकस निरुपयोगी ठरतो. तो बंद करून एखादा तेजस्वी तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहावा आणि तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत भिंगाची कडी हाताने फिरवावी. कडी नंतर हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावावी. अ‍ॅपर्चर २.८ ते ४, आयएसओ ८०० ते १६०० आणि प्रत्येक चित्राला ३० सेकंद, ही सुरुवातीसाठी योग्य मोजमापे होत. शहराजवळ आयएसओ ४०० वा त्याहून कमी करावा.

‘लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन’ ही सोय आठवणीने बंद करावी. ती चालू राहिल्यास कॅमेरा प्रत्येक चित्रानंतर तितकाच वेळ झाकलेल्या अवस्थेत दुसरे चित्र घेतो आणि अखंड रेषेऐवजी तुटक रेषा हाती येते. रात्रभराच्या श्रमांवर पाणी पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. दोन चित्रांमध्ये एका सेकंदाहून अधिक खंड पडू देऊ नये.

गणित सोपे आहे. ३० सेकंदांची १२० चित्रे म्हणजे एक तास आणि १५ अंशांचा कंस. तीन तासांत ३६० चित्रे होतात आणि कंस ४५ अंशांचा होतो. डोळ्यांना वर्तुळाचा भास होण्यास दोन ते तीन तास पुरतात, कारण वेगवेगळ्या ताऱ्यांचे कंस मिळून चक्राचा आभास निर्माण करतात. एकाच ताऱ्याचे पूर्ण वर्तुळ मात्र नागपूरच्या कोणत्याही एका रात्रीत मिळणार नाही. २१-२२ डिसेंबरच्या सर्वांत मोठ्या रात्रीही येथे पूर्ण काळोखाचे तास साडेदहाच्या आसपासच असतात. तेवढ्या वेळात कंस सुमारे १५७ अंशांचा होतो, अर्धवर्तुळालाही तो कमी पडतो. प्रत्येक ताऱ्याचे पूर्ण वर्तुळ दाखवणारी जी चित्रे येथील म्हणून फिरतात, ती संगणकावर वाढवलेली असतात.

हिवाळ्यात दवाकडे लक्ष ठेवावे लागते. मध्यरात्रीनंतर भिंगावर दव साचते आणि रेषा हळूहळू पुसट होत नाहीशा होतात. भिंगाभोवती गुंडाळण्याचा, मंद उष्णता देणारा पट्टा यावर उत्तम उपाय ठरतो. तो नसल्यास भिंगाला हूड लावावा आणि अधूनमधून तपासणी करावी. भिंग पुसण्याच्या नादात कॅमेरा हलला, तर आधीच्या आणि नंतरच्या रेषा जुळत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

कोठे आणि केव्हा

विदर्भात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ होय. रात्री मोठ्या असतात, आकाश बहुधा निरभ्र असते आणि थंडीमुळे सेन्सरही कमी तापतो. एप्रिल-मेमध्ये क्षितिजालगत धूळ असते, रात्रीही उष्मा उतरत नाही आणि चित्रातील रवाळपणा वाढतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ढगांचे राज्य असते. अमावास्येच्या आगेमागे तारे सर्वाधिक उमटतात, पण तारकारेषांसाठी चंद्र सर्वस्वी वर्ज्य नाही. चतुर्थी-पंचमीची कोर मावळेपर्यंत झाडे, टेकडी वा तळे हलकेच उजळते आणि नंतर काळोखात तारे खुलतात.

जागा निवडताना दिशेचा विचार अगत्याचा आहे. ध्रुवाची वर्तुळे हवी असतील, तर शहर पाठीशी असले पाहिजे. नागपूरच्या दक्षिणेला उभे राहून उत्तरेकडे पाहिल्यास शहराचा सारा उजेड नेमका ध्रुवाखाली येतो. उत्तरेला जवळच थांबल्यास कोराडी-खापरखेडा परिसरातील वीज केंद्रांचे दिवे आड येतात. रामटेकच्या पुढे पेंचकडे गेल्यावर मात्र शहराचा उजेड दक्षिणेला राहतो आणि समोर उत्तरेला मध्य प्रदेशच्या सिवनी जिल्ह्यापर्यंत पसरलेले जंगल असते. पेंच हे ठिकाण ध्रुवाच्या चित्रासाठी सोयीचे ठरते, त्यामागे हा भूगोल आहे.

तेथे काळोख आपोआप टिकलेला नाही. प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक पथदिवे बदलून त्यांचा प्रकाश केवळ जमिनीकडे जाईल अशी व्यवस्था करण्यात आली. वाघोली तलावाजवळ आकाशदर्शनासाठी निरीक्षण मनोरा राखून ठेवण्यात आला. १९८८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि आज ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने त्यानंतर हा दर्जा दिला. भारतात याआधी डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने हानले परिसर राखीव काळोखाचे क्षेत्र म्हणून घोषित केला होता. तेथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दुर्बीण असल्याने वेधशाळेसाठी काळोख जपणे गरजेचे होते. पेंचमध्ये त्याच काळोखाशी वन्यजीवांचे हितही जोडले गेले आहे.

हे वाघांचे जंगल आहे, याचा विसर पडता कामा नये. रात्री वनक्षेत्रात मनमानी फिरणे बेकायदा आणि जिवावर बेतणारे आहे. वनविभागाने नेमलेल्या जागी, पूर्वपरवानगीने आणि समूहानेच जावे. तळ्याच्या काठी एकट्याने कॅमेरा मांडून बसू नये. गवतात साप-विंचवांचे भय असल्याने पूर्ण बूट घालावेत. विजेरीला लाल कागद लावावा. लाल प्रकाशाने अंधाराला सरावलेली नजर बिघडत नाही आणि शेजाऱ्याचे चित्रही खराब होत नाही.

नवख्याने प्रथम शहरातच सराव करावा हे बरे. गांधीसागर तलावाजवळील रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात आकाशाची ओळख करून घ्यावी आणि घराच्या गच्चीवरून कमी आयएसओ ठेवून तासाभराची चित्रे घ्यावीत. शहराच्या आकाशातही तेजस्वी ताऱ्यांच्या रेषा उमटतात.

कोनमापकाने मोजावी पृथ्वीची गती

शाळा-महाविद्यालयांसाठी हे छायाचित्र म्हणजे स्वस्त प्रयोगशाळा आहे. उत्तरेकडील चित्राची कागदावर प्रत काढावी, वर्तुळांचे केंद्र शोधावे आणि एखाद्या रेघेच्या दोन टोकांना केंद्राशी जोडून कोनमापकाने कोन मोजावा. केंद्र चित्राच्या मध्याजवळ असल्यास मोजमाप अधिक बिनचूक येते, कारण रुंद भिंगामुळे कडेचे आकार ताणले जातात. त्या कोनाला चित्रणाच्या तासांनी भागले, की उत्तर १५ च्या जवळ येते. उलट, ३६० अंशांसाठी किती वेळ लागेल हे काढले, तर पृथ्वीच्या परिवलनाचा काळ हाती येतो. ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची मोजल्यास गावाचा अक्षांश मिळतो. पृथ्वी फिरते हे वाक्य पाठ करणे आणि तिची गती स्वतः मोजणे यांत मोठे अंतर आहे.

हरवत चाललेला काळोख

या छंदाच्या मुळाशी काळोखाचा प्रश्न आहे. जगातील सुमारे एकतृतीयांश माणसांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाश-प्रदूषणाच्या जागतिक नकाशातून स्पष्ट झाले. २०११ ते २०२२ या काळात हौशी निरीक्षकांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदींच्या अभ्यासातून रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. हाच वेग राहिला, तर जन्माच्या वेळी जेथून २५० तारे दिसत, तेथून ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच तारे उरतील. निळसर पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड वातावरणात अधिक विखुरतो. दिव्यांना वरून झाकण नसल्यास त्यांचा बराच प्रकाश, आणि त्याबरोबर वीजही, आकाशात वाया जाते.

या ऱ्हासावरचा उपाय तुलनेने सोपा आहे. नदी शुद्ध होण्यास वर्षे लागतात, तर दिव्याचे तोंड खाली वळवले, की त्याच रात्री त्याचा परिणाम दिसतो. पेंचच्या चार गावांनी ते करून दाखवले आहे. गच्चीवरचा दिवा झाकणे, गरज नसताना तो मालवणे, सोसायटीच्या आवारात पिवळसर आणि खाली प्रकाश टाकणारे दिवे लावणे, हे प्रत्येक घराच्या आवाक्यातील आहे.

तारकारेषांचे छायाचित्र या कामी साक्षीदार ठरू शकते. एकाच गच्चीवरून, एकाच दिशेने, एकाच मोजमापांनी आणि दरवर्षी त्याच महिन्यातील अमावास्येला चित्र घेतल्यास रेषांची संख्या वाढली की घटली, हे पुढील पिढीला मोजता येईल. ध्रुवाभोवतीचे चक्र फिरतच राहणार आहे. ते शहरातून दिसत राहणार की नाही, हे मात्र खालच्या दिव्यांवर अवलंबून आहे.